विजेच्या बिघाडाचा माग

दिवा लागेनासा झाला म्हणजे मनुष्य प्रथम दिव्याकडे पाहतो, दिवा बदलूनही अंधार कायम राहिला तर स्विचवर संशय घेतो, आणि स्विचही निर्दोष ठरला की भिंतीच्या पोटात कोठेतरी तार तुटली असावी असे म्हणून वायरमनला बोलावणे धाडतो. या क्रमात गैर काही नाही. परंतु त्यामागे एक गृहीत दडलेले असते, ते असे की बिघाड जेथे दिसतो तेथेच तो असतो, आणि हे गृहीत बहुधा खोटे ठरते. घरगुती विद्युत्-मांडणीत बिघाडाचे लक्षण एका खोलीत प्रकट होते आणि त्याचे मूळ शेजारच्या खोलीतील, वरकरणी सुरळीत चालणाऱ्या दिव्याच्या बोर्डात सापडते. शिवाय ते मूळ तारेत क्वचितच असते. भिंतीतील तांब्याची अखंड तार, तिच्यात कोणी खिळा ठोकला नसेल आणि उंदराने तिला दात लावला नसेल, तर दशकानुदशके बिनतक्रार काम करते. बिघडतो तो सांधा. म्हणजे जेथे तार तारेला, किंवा तार स्क्रूला, किंवा प्लगची पिन सॉकेटच्या पितळी जबड्याला भेटते ती जागा. घरातील विजेचे निम्म्याहून अधिक गूढ एवढे एक सूत्र ध्यानी ठेवल्यास उकलते, असे म्हणण्यास माझी हरकत नाही.

आपल्या घरात येणारी वीज 230 व्होल्ट दाबाची आणि सेकंदास 50 आवर्तनांची असते, आणि ती दोन तारांनी येते. एकीला फेज म्हणतात. हिच्यात दाब असतो. दुसरी न्यूट्रल, ही रोहित्रापाशी जमिनीशी जोडलेली असल्याने तिच्यात जमिनीच्या मानाने दाब जवळजवळ नसतो, परंतु फेजने नेलेला सर्व प्रवाह परत आणण्याचे काम तिलाच करावे लागते. तिसरी अर्थिंगची तार नित्य व्यवहारात रिकामी राहते. इस्त्रीच्या वा गीझरच्या धातूच्या अंगात चुकून फेज उतरला, तर त्याला जमिनीकडे नेऊन सोडणे एवढ्याच प्रसंगासाठी तिची तजवीज केलेली असते. सॉकेटकडे समोरून पाहिले असता वरचे मोठे छिद्र अर्थिंगचे, उजवे फेजचे आणि डावे न्यूट्रलचे असा संकेत आहे, आणि प्लगची अर्थिंगची पिन इतर दोन पिनांहून लांब व जाड ठेवण्यात मोठे शहाणपण आहे: लांब असल्याने ती सर्वांआधी जुळते व सर्वांमागून सुटते, आणि जाड असल्याने ती चुकूनसुद्धा फेजच्या छिद्रात शिरत नाही. हे शहाणपण कुचकामी करण्याची एक युक्ती मात्र आपल्याकडे घरोघर प्रचलित आहे. सॉकेटचा पडदा उघडावा म्हणून अर्थिंगच्या छिद्रात पेन्सिल वा आगकाडी खुपसायची आणि दोन पिनांचा प्लग बळेच बसवायचा, ही ती युक्ती. तिने जबडा सैल होतो, आणि सैल जबड्याचे परिणाम पुढे येतीलच.

या तारा प्रत्येक दिव्यासाठी मीटरपासून स्वतंत्र ओढलेल्या नसतात. त्या पहिल्या बोर्डात येतात, तेथील स्क्रूत किंवा पिळात अडकवून पुढच्या बोर्डाकडे जातात, तेथून पुढच्या. वायरमनच्या भाषेत याला लूप म्हणतात. म्हणून स्वयंपाकघरातील सॉकेटची वीज दिवाणखान्यातील पंख्याच्या बोर्डातून गेलेली असणे हे नवल नव्हे, नित्याचे आहे. मूळ मांडणी करणाऱ्याने तारांचा मार्ग कसा नेला याचा नकाशा घरमालकाच्या दप्तरी असावा अशी अपेक्षा रास्त असली, तरी असा नकाशा असलेले घर मी अद्याप पाहिलेले नाही. तेव्हा तो नकाशा लक्षणांवरून मनाशी रचणे हाच बिघाडाच्या तपासाचा आरंभ होय.

सांधे कोणत्या काळचे आहेत यावरही बरेच अवलंबून असते. मुंबईत 1907 साली विजेची ट्राम धावली आणि 1915 मध्ये खोपोलीचे टाटांचे जलविद्युत् केंद्र सुरू झाले. त्यानंतरच्या दशकांत गिरगाव-दादरच्या चाळींत आणि पुण्याच्या वाड्यांत जी वीज शिरली ती भिंतीवर ठोकलेल्या सागवानी पट्टीवरून, पत्र्याच्या बारीक क्लिपांत धरलेल्या रबरी आवरणाच्या तारांतून. त्या रबरात गंधक असे आणि गंधक तांब्याला खाते, म्हणून आतल्या तांब्याच्या तारेला कल्हई केलेली असे. अशी पट्टी-वायरिंग काही जुन्या वास्तूंत आजही दिसते. ती हलवली नाही तोवर शाबूत असते, आणि बोर्ड उघडून तार वाकवली की वाळलेल्या रबराचा चुरा हातात येतो. पुढे तांब्याची टंचाई आली आणि साठ-सत्तरच्या दशकांत ॲल्युमिनियमच्या तारा घराघरांत गेल्या. ॲल्युमिनियम वीज वाहण्यास नालायक आहे असे नव्हे. परंतु हवेत उघडे पडताच त्यावर ऑक्साइडचा जो पातळ थर येतो तो वीज अडवतो, तापल्यावर ते तांब्याहून अधिक प्रसरण पावते, आणि स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू सरकून पातळ होते. परिणाम असा की, आज घट्ट आवळलेला स्क्रू काही वर्षांनी आपोआप सैल होतो. त्या काळच्या इमारतींत राहणाऱ्यांनी आपल्या भिंतीत कोणती धातू आहे याची एकदा खातरजमा करून घ्यावी. बोर्डातील तार चंदेरी आणि मऊ असेल, तर सर्व स्क्रू तपासण्याचे काम लांबणीवर टाकू नये. त्यानंतर आली ती पीव्हीसी आवरणाची, पाइपांतून भिंतीत गाडलेली मांडणी. ती दिसत नाही, आणि न दिसणे हाच तिचा गुण व तोच तिचा दोष.

सैल सांध्याने नेमके काय होते, हे आकड्यांनी पाहिल्यावाचून त्याचे गांभीर्य कळत नाही. 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार प्रतिकिलोमीटर सुमारे साडेसात ओहम रोध दाखवते. म्हणजे मीटरपासून सॉकेटपर्यंत दहा मीटर अंतर धरले, तर जाऊन-येऊन वीस मीटर तारेचा रोध एका ओहमच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतका. दोन हजार वॉटचा गीझर सुमारे नऊ अँपिअर प्रवाह खेचतो. सोयीसाठी दहा धरू. त्या प्रवाहाला या सबंध तारेत उणापुरा दीड व्होल्ट खर्ची पडतो, आणि त्याची उष्णता वीस मीटरभर पसरते. आता वाटेत एक स्क्रू सैल आहे आणि त्या जागी अर्धा ओहम रोध उत्पन्न झाला आहे असे समजा. उष्णता ही प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून येते: दहाचा वर्ग शंभर, त्याचा अर्धा पन्नास. पन्नास वॉट उष्णता, आणि तीही तुरीच्या डाळीएवढ्या जागेत! रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग देण्याची इस्त्री पुष्कळदा पंचवीस वॉटचीच असते आणि तिने शिसे वितळते. पीव्हीसीचे आवरण 70 अंशांपर्यंतच निभावण्यासाठी बनवलेले असते. ते प्रथम कडक होते, मग तपकिरी पडते, मग त्याला तो ओळखीचा तिखट, कुबट वास सुटतो. तापलेला स्क्रू थंड होताना आणखी सैल होतो, सैल झाल्याने अधिक तापतो, आणि हे चक्र कोणी थांबवीपर्यंत चालू राहते.

यातील खरी मेख पुढेच आहे. फ्यूज असो वा एमसीबी असो, दोघेही प्रवाह वाढला तरच वीज तोडतात. चिनीमातीच्या फ्यूजातील तार वितळते ती अधिक प्रवाहाने, आणि एमसीबीच्या आतली दोन धातूंची जोडपट्टी वाकते ती अधिक प्रवाहाने, किंवा त्यातले विद्युत्-चुंबक कडी ओढते ते शॉर्टसर्किटच्या प्रचंड प्रवाहाने. सैल सांध्यात प्रवाह वाढत नाही, उलट किंचित कमी होतो. म्हणून बोर्ड भिंतीवर करपत असता हे दोन्ही पहारेकरी निवांत उभे असतात, आणि जमिनीकडे गळती होत नसल्याने अशी गळती हेरणाऱ्या आरसीसीबीलाही त्याचा पत्ता लागत नाही. अशा कसुराची वर्दी फक्त आपली ज्ञानेंद्रिये देतात: इस्त्रीचा प्लग काढताना पिना चटका देण्याइतक्या गरम लागणे, स्विच दाबला की चुरचुर ऐकू येणे, सॉकेटचे पांढरे तोंड एका छिद्राभोवती पिवळे पडणे, फ्रिज सुरू होताक्षणी दिवा डोळा मिटल्यासारखा करणे. यांपैकी एकही गोष्ट आढळली तर ते सॉकेट त्या दिवसापुरते निवृत्त करावे. मिस्त्री येईपर्यंत सांभाळून वापरू, हा सल्ला फार घरांत दिला जातो आणि तो फार वाईट आहे.

आता एक प्रत्यक्ष नमुना घेऊ. चाळीतील दोन खोल्यांचे बिऱ्हाड आहे. बाहेरच्या खोलीतला दिवा आणि पंखा चालू आहेत, आतल्या खोलीतले सर्व बंद. गृहस्थाने टेस्टर आणून सॉकेटच्या उजव्या छिद्रात घातला, तो पेटला. डाव्या छिद्रात घातला, तिथेही पेटला. दोन्हीकडे वीज आहे आणि इस्त्री तर लागत नाही, हा काय प्रकार, म्हणून तो बुचकळ्यात पडतो. वायरमन येतो, एकदाच टेस्टर लावून म्हणतो, "काका, फेज येतोय, न्यूट्रल गेलाय," आणि आतल्या खोलीतील सगळे स्विच बंद करायला सांगतो. स्विच बंद होताच डाव्या छिद्रातला टेस्टर विझतो. जादू वाटावी असा हा प्रयोग आहे, परंतु त्यामागचा तर्क सरळ आहे. आतल्या पंख्याचा स्विच चालू होता. फेज त्या पंख्याच्या गुंडाळीतून पार होऊन न्यूट्रलच्या तारेत आला, आणि परतीची वाट पुढे तुटलेली असल्याने तेथेच तुंबून सर्व खोलीच्या न्यूट्रलमध्ये पसरला. पंख्याची ती वाट स्विचने बंद केली, की न्यूट्रल पुन्हा निर्जीव झाला.

मग वायरमन आतल्या खोलीतील एकही बोर्ड उघडत नाही. तो मेन बंद करून बाहेरच्या खोलीत, दाराशेजारी, चालू असलेल्या ट्यूबचा बोर्ड उघडतो. कारण चालणाऱ्यांपैकी शेवटचा बोर्ड तो, आणि न चालणाऱ्यांपैकी पहिला त्याच्या पलीकडचा, तेव्हा दोष या दोहोंच्या मध्ये असणार. बोर्डाच्या मागे तीन काळ्या तारांचा पीळ टेपखाली गुंडाळलेला आहे. टेप निघताना तिचा डिंक तारेसारखा लांबतो. आतला तांब्याचा लाल रंग जाऊन तो पीळ काजळी धरल्यासारखा काळवंडलेला आहे, आणि तीनपैकी एक तार बोटाने ओढताच पिळातून अलगद निसटते. उरलेल्या दोहोंनी बाहेरची खोली चालवली होती. निसटलेली तिसरी आतल्या खोलीची होती. दोष सापडण्यास पाच मिनिटे लागली, आणि आतल्या खोलीत तासन्‌तास शोधूनही तो सापडला नसता.

या नमुन्यात एक धोका लपलेला आहे, तो सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य नव्हे. न्यूट्रल ही निरुपद्रवी तार, अशी समजूत सर्वत्र आहे, आणि ती न्यूट्रल अखंड असेपर्यंतच खरी आहे. तुटलेल्या न्यूट्रलचे उपकरणाकडील टोक पंख्यातून वा दिव्यातून आलेल्या फेजने पूर्ण भारित असते. पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, म्हणजे वीज नाही असे समजून त्या टोकाला हात लावणाऱ्याला तडाखा बसतो. सुमारे एक मिलिअँपिअर प्रवाहाची शरीराला जाणीव होते, दहा-पंधरा मिलिअँपिअरला स्नायू आखडून पकड सुटत नाही, आणि त्याहून थोडा अधिक प्रवाह छातीतून गेला तर हृदयाचा ताल बिघडतो. शंभर वॉटच्या दिव्यातून वाहणारा प्रवाह याच्या कित्येक पट असतो.

म्हणून तारेला हात लावण्याआधी ती निर्जीव आहे हे गृहीत धरण्याची मुभा कोणालाच नाही. रूढ रीत अशी: मेन बंद करावा, फ्यूजचा काळ असेल तर फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावा, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कोणाला तो परत बसवता येणार नाही, टेस्टर प्रथम चालू असलेल्या ठिकाणी लावून तो पेटतो याची खात्री करावी, मग कामाच्या जागी लावावा, आणि पुन्हा चालू ठिकाणी लावून तो मधल्या वेळात मेला नाही हे पाहावे. भारनियमनाच्या काळात घरोघर आलेल्या इन्व्हर्टरने यात नवीनच घोळ घातला आहे. मेन पडताच तो आपणहून उठतो आणि तीच तार पुन्हा भारतो, तेव्हा इन्व्हर्टर असलेल्या घरात मेन बंद करणे हे अर्धेच काम होय.

टेस्टरबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण त्याच्यावर आपल्या लोकांची श्रद्धा फार. त्याच्या दांड्यात एक निऑनचा दिवा आणि त्याला जोडून फार मोठा रोध असतो. नखाएवढा प्रवाह आपल्या शरीरातून जमिनीत गेला तरी तो पेटतो. म्हणजे तो दाब आहे एवढीच साक्ष देतो, त्या दाबामागे काम करण्याची ताकद आहे की नाही हे त्याला सांगता येत नाही. एकाच पाइपातून दोन तारा लांबवर शेजारी गेल्या, तर जिवंत तारेच्या नुसत्या सान्निध्याने तुटलेल्या तारेतही त्याचा मंद प्रकाश दिसतो, आणि डिजिटल मल्टिमीटर तर अशा तारेवर पन्नास-शंभर व्होल्ट खुशाल दाखवतो. जुने वायरमन एका होल्डरला दोन लांब तारा जोडून त्यात तंतूचा बल्ब लावतात, तो टेस्टलॅम्प या बाबतीत अधिक सत्यवचनी आहे: फेज आणि न्यूट्रल दोन्ही खरे असतील तरच तो पूर्ण उजेड देतो, सांधा कच्चा असेल तर मिणमिणतो, आणि भासमान दाबाला मुळीच भीक घालत नाही. तंतूचे बल्ब बाजारातून ओसरू लागले आहेत. ज्या वायरमनच्या थैलीत अद्याप एखादा आहे, त्याने तो जपून ठेवावा.

शॉर्टसर्किटचा तपास याहून सोपा, कारण त्यात लक्षण ठाम असते: एमसीबी वर करताच खाली पडतो. सर्व प्लग काढून, सर्व स्विच बंद करून एमसीबी लावावा. राहिला, तर दोष कोणत्या तरी उपकरणात वा स्विचपलीकडच्या तारेत आहे, आणि एकेक चालू करीत गेल्यास गुन्हेगार आपण होऊन हजर होतो. तरीही पडला, तर दोष मांडणीच्या तारांतच. पडलेला एमसीबी पुनःपुन्हा वर करून पाहण्याची सवय मात्र सोडावी. प्रत्येक वेळी शॉर्टच्या जागी ठिणगी उडते आणि आवरण आणखी जळते. फ्यूजात जाड तार घालण्याविषयी न बोललेले बरे. तारेपेक्षा फ्यूज बळकट केला, तर वितळण्याची जबाबदारी भिंतीतल्या तारेवर येते.

कोकणात आणि मुंबईत पावसाळा लागला की एक निराळीच फिर्याद ऐकू येते: आरसीसीबी, ज्याला पुष्कळजण जुन्या सवयीने ईएलसीबी म्हणतात, तो कारणावाचून पडतो. कारणावाचून तो पडत नसतो. त्याच्या आत एक लोखंडी कडे असते आणि त्यातून फेज व न्यूट्रल दोन्ही जातात. गेलेला प्रवाह आणि आलेला प्रवाह समान असला, की दोहोंचे चुंबकीय परिणाम परस्परांना खोडतात. काही प्रवाह ओल्या भिंतीतून, भिजलेल्या बाल्कनीच्या दिव्यातून किंवा गीझरच्या तडकलेल्या कांडीतून जमिनीकडे पाझरला, म्हणजे हिशेब जुळेनासा होतो, आणि ही तूट 30 मिलिअँपिअरपर्यंत पोचण्यापूर्वीच घरगुती आरसीसीबी वीज तोडतो. तेव्हा येथे तपास गळतीचा. सर्व एमसीबी खाली करून आरसीसीबी लावावा आणि एकेक एमसीबी वर करीत जावे. ज्याच्यासरशी तो पडेल, त्या शाखेत ओल शिरली आहे. परंतु पुष्कळदा असे होते की सर्व एमसीबी बंद असतानाही, शेजारच्या मजल्यावर कोणी मोटर लावली की आरसीसीबी पडतो, आणि मग लोक त्या बिचाऱ्या यंत्रालाच सदोष ठरवून बदलून टाकतात. नव्याचीही तीच गत होते. कारण एमसीबी साधारणतः फेजच तोडतो, न्यूट्रल तोडीत नाही; कोठेतरी न्यूट्रलची तार अर्थिंगच्या तारेला टेकली असेल, तर ती शाखा बंद करूनही तो संबंध सुटत नाही. अशा वेळी न्यूट्रलच्या पट्टीवरील तारा एकेक सोडवून पाहाव्या लागतात. हे काम चिकाटीचे आहे आणि ते वायरमननेच करावयाचे. शेवटी दोष सापडतो तो पुष्कळदा बाल्कनीतल्या सॉकेटच्या मागे, जेथे भिंतीचे पाणी बोर्डाच्या डबीत साचून हिरवट गंज धरलेला असतो; किंवा कोणी हौशी गृहस्थाने अर्थिंगची तार अपुरी पडली म्हणून न्यूट्रललाच जोडून दिलेली असते. आणि आरसीसीबी फार त्रास देतो म्हणून त्याला वगळून थेट जोडणी करून घेणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, ते यंत्र घरातल्या माणसांसाठी बसवलेले असते, दिव्यांसाठी नव्हे.

दिव्यांपुरत्या काही तक्रारी किरकोळ असल्या तरी बोधप्रद आहेत. एलईडी दिवा स्विच बंद करूनही रात्री फिकट उजळत राहतो. याचे एक कारण स्विचमधला बारीक निर्देशक दिवा किंवा शेजारून गेलेल्या तारेचे सान्निध्य हे असू शकते, आणि ते निरुपद्रवी आहे. दुसरे कारण मात्र तसे नाही: स्विच फेजऐवजी न्यूट्रलमध्ये बसवलेला असतो. मग दिवा विझला तरी होल्डर जिवंतच राहतो, आणि बल्ब बदलणाऱ्या माणसाचे बोट त्यात जाते. जिन्याचा दिवा वरून लागतो पण खालून लागत नाही, तर दोन टू-वे स्विचांमधल्या दोन तारांपैकी एक सुटलेली असते, किंवा गेल्या खेपेला कोणी स्विच बदलताना मधल्या टोकाची तार कडेच्या टोकाला जोडून ठेवलेली असते. घरातले सर्वच दिवे एकदम मंद किंवा एकदम प्रखर होऊ लागले, तर मात्र प्रकरण गंभीर समजावे. इमारतीत तीन फेज येत असतात आणि त्यांचा सामाईक न्यूट्रल मुख्य पेटीत तुटला, तर कोणा बिऱ्हाडात दाब दीडशेवर उतरतो आणि कोणाकडे तो तीनशेच्या वर चढतो. दूरचित्रवाणी संच आणि फ्रिज मिनिटांत निकामी होतात. अशा वेळी कारण शोधीत बसू नये. मेन पाडावा, शेजाऱ्यांना तसे करण्यास सांगावे आणि वीजकंपनीस वर्दी द्यावी.

दुरुस्ती कोणी करावी, याविषयी कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. 1956 च्या भारतीय विद्युत् नियमांतील 45 व्या नियमाने दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि तत्सम जिनसा मांडणीची क्षमता वा स्वरूप न बदलता बदलण्याची मोकळीक दिली होती. त्यापलीकडचे काम, म्हणजे नवी तार ओढणे, जोड देणे, वाढ करणे, हे परवानाधारक ठेकेदारामार्फत आणि योग्य प्रमाणपत्र असलेल्या माणसाकडूनच व्हावे असा त्याचा दंडक होता, आणि केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या 2010 च्या विनियमांनीही हेच धोरण चालू ठेवले. मीटरच्या अलीकडे, म्हणजे कंपनीच्या बाजूला, आणि सीलबंद पेटीत तर ग्राहकाचा हात जाताच कामा नये. ही वाटणी मला न्याय्य वाटते. सैल स्क्रू ओळखणे हे घरच्या माणसाचे काम आहे, आणि सांधा नव्याने बांधणे हे ज्याला ते शिकवले गेले आहे त्याचे.

तथापि काम कसे झाले हे पाहण्याचा हक्क घरमालकाने सोडू नये. काळवंडलेली तार नुसती घासून परत पिळली, तर तो सांधा वर्षभरात पुन्हा बोलावणे धाडील. जळका भाग कापून ताजे तांबे उघडे करावे लागते, आणि तार अपुरी पडत असेल तर नवा तुकडा योग्य जोडपट्टीत घट्ट आवळून द्यावा लागतो. पिळाच्या तारेचे चार-दोन धागे स्क्रूत बसेनात म्हणून कापून टाकणारा कारागीर हात आखडता घेत नाही, तो तारेची क्षमताच आखडती करतो. पिवळे पडलेले सॉकेट पुसून पुन्हा लावू देऊ नये, कारण त्याच्या पितळी जबड्याची लवचीकता उष्णतेने कायमची गेलेली असते. सोळा अँपिअरच्या सॉकेटमागे दिव्याच्या शाखेतली दीड चौरस मिलिमीटरची तार निघाली, तर सॉकेट बदलून काहीही साधत नाही. तेथे अडीच वा चारची स्वतंत्र तार आणि स्वतंत्र एमसीबी हवा. जुन्या वायरमनच्या तोंडी या मापांऐवजी तीन-बावीस, सात-वीस असे आकडे येतील. तारेत किती धागे आणि प्रत्येक धागा कोणत्या गेजचा, असा त्याचा अर्थ, आणि ते ऐकून त्याला अडाणी समजू नये. भिंती पुष्कळ ओल्या असतील किंवा मांडणी पाव शतकाहून जुनी असेल, तर मेगर लावून आवरणाचा रोध मोजून घ्यावा. 500 व्होल्टवर तो एक मेगओहमहून कमी भरला, तर एकेक सांधा दुरुस्त करीत बसण्यात अर्थ उरत नाही, आणि तारा बदलण्याचा खर्च टाळणे हे काटकसरीच्या सदरात मोडत नाही.

काम संपल्यावर वायरमनला लगेच निरोप देऊ नये. दुरुस्त झालेल्या शाखेवर गीझर वा इस्त्री अर्धा तास चालू ठेवावी, मग बंद करून प्लग काढावा आणि पिना व सॉकेटचे तोंड हाताला कोमट लागते की गरम हे दोघांनी मिळून पाहावे. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण त्याच्यासमोर एकदा दाबावे. वीज गेली नाही, तर ते यंत्र शोभेचे आहे. आणि तो पैसे मोजीत असताना त्याच्याकडून एक कागद लिहून घ्यावा: कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा, कोणत्या बोर्डातून पुढे कोठे तार गेली आहे, आज कोणता सांधा बदलला आणि तारीख कोणती. तो कागद एमसीबीच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. पुढच्या खेपेस येणारा वायरमन निराळा असेल, आणि तो तुमच्या घरात प्रथम तोच वाचील.